पेल्यात उरलेलं पाणी

काल संध्याकाळी आमच्या मंडळाचे एक कार्यकर्ते माझ्या खोलीवर आले. त्यांचं नाव सांगत नाही, कारण माणूस चांगला आहे. भर पावसातून निथळत आले आणि आल्या आल्या त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी पेला भरून दिला. त्यांनी अर्धा प्यायला, आणि पुढच्या सभेच्या जागेबद्दल बोलता बोलता उरलेलं अर्धं पाणी खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत ओतून मोकळे झाले.

मी किंचाळले. शेजारच्या काकू हातातल्या लाटण्यासकट दारात आल्या.

"अहो, पाणीच घातलं," कार्यकर्ते म्हणाले. "विष नाही घातलं."

"आषाढात कोरफडीला पाणी घालणं आणि विष घालणं यात काही फरक नाही!" मी म्हणाले, आणि कुंडी उचलून तिरकी करून वर्तमानपत्रावर ठेवली. तेवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. छताच्या दांडीला सुतळीने बांधलेली दुसरी कोरफड, मुळं वर, पानं खाली. त्यांचा चेहरा पडला. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून दारावरच्या लिंबू-मिरच्यांविरुद्ध पत्रकं वाटली होती.

"ताई, हे काय? दृष्ट लागू नये म्हणून? तुम्हीसुद्धा?"

"बसा," मी म्हटलं. "सांगायला वेळ लागेल."

त्यांना वेळ नव्हता. आमच्या लोकांना कधीच वेळ नसतो. म्हणून मग तुम्हाला सांगते.

आधी एक जाहीर तक्रार. पुण्यात हल्ली दिवाणखान्यात निवडुंग ठेवायची टूम निघाली आहे. चिनी मातीची चिमुकली भांडी, त्यांत मुठीएवढा काटेरी गोळा, शेजारी रेडिओ. ठेवा, माझी हरकत नाही. पण रोज सकाळी तोंड धुतल्यावर त्याला चमचाभर, पूजेच्या फुलांबरोबर पळीभर, पाहुण्यांच्या पेल्यातलं उरलेलं घोटभर, असं पाणी पाजून जे लाड चालतात, त्यांचा मी निषेध करते. ज्या झाडाने पोटातच पाण्याची तरतूद करून ठेवली आहे, त्याला तुम्ही येता-जाता पाणी का पाजता? तहान त्याला लागली आहे की तुमच्या हाताला चाळा लागला आहे? निवडुंग असो, कोरफड असो, पानफुटी असो, या जातीची झाडं कोरडेपणाने फार कमी मरतात. ती मरतात प्रेमाने. मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. मी स्वतः पाच मारली आहेत.

ही गोष्ट चार पावसाळ्यांपूर्वीची. दर वर्षी आषाढ आला, पुण्याच्या गच्च्यांवर पाणी तडतडू लागलं की माझ्या नाकात तो वास येतो: ओलं घोंगडं, कारवीचा धूर, शेणाने सारवलेली आणि पंधरा दिवस न वाळलेली जमीन. मुळशीचा वास. पुण्यात पाऊस पडतो. मुळशीत तो बिऱ्हाड करतो. आला की ट्रंक उघडून, कपडे खुंटीला लावून चार महिने राहतो. मीठ बरणीत पाणी होऊन बसतं. आगपेटीचं कौतुक लहान मुलासारखं करावं लागतं, चुलीच्या कोनाड्यात ऊब देऊन. माझ्या पत्रकांचे गठ्ठे तर आठवड्यात पावासारखे फुगले आणि एकमेकांना असे चिकटले की वेगळं काढताना अर्धी मागणी या कागदावर आणि अर्धी त्या कागदावर जायची.

मागणी साधी होती. 'पाणी उकळा, गाळा, मगच प्या!!!' तीन उद्गारचिन्हं. तिसरं माझ्या आग्रहाने. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, बी. ए. होते, आणि महाराष्ट्रातला एकही प्रश्न चौपानी पत्रकापेक्षा मोठा नाही अशी माझी खात्री होती. पावसाळ्यात त्या भागात हगवणीने माणसं आजारी पडत, मुलं दगावत. मंडळाने विचारलं, चार महिने वाडीवर जाऊन कोण राहील? मी हात वर केला तेव्हा बाकीचे हात अजून विचार करत होते.

पौडच्या पुढे एस.टी. जिथे सोडेल तिथून दीड तास चिखल तुडवला की ती वाडी. खाली धरणाचं पाणी पसरलेलं, वर डोंगर, आणि मध्ये कसंबसं अंग चोरून उभं असलेलं पंधरा-वीस घरांचं वस्तीवजा गाव. मूळ गाव खाली, पाण्यात. त्या पाण्यावर वीज होते आणि वाडीत रॉकेलच्या चिमण्या जळतात, हे पाहून पहिल्याच दिवशी मी दोन पानं संताप लिहून काढला. वाडीतल्या लोकांना त्यात नवीन काही वाटलं नाही. "ते लिवा, पन आदी पाय धुवा," सोनामावशी म्हणाल्या.

सोनामावशींच्या घरी माझी राहायची सोय होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, आवाज असा की खाचराच्या त्या टोकाला औतावरचा बैल थांबावा. घरात त्या आणि त्यांची सून यमुना. नवरा आणि मुलगा मुंबईला गिरणीत. मला त्यांनी पडवी दिली. झड आत येऊ नये म्हणून पडवीला कारवीचा कूड केलेला होता. तिथे माझी ट्रंक, माझा स्टो, पाणी उकळायचा हंडा आणि पत्रकं असा संसार मांडला.

माजघरात गेले आणि मान वर केली. तुळईला ओळीने सहा कोरफडी टांगलेल्या. मुळं वर, माती झटकून टाकलेली, पानं खाली लोंबत होती. पण टोकं मात्र वाकून पुन्हा वर, कौलांच्या फटीतल्या उजेडाकडे वळलेली. अंगावर सुरकुत्या. मला फाशी दिलेल्या माणसांची आठवण झाली. पुण्यात दृष्टीसाठी दारावर टांगलेल्या कोरफडींविरुद्ध मी आधीच एक पत्रक लिहिलेलं होतं. इथे तर सहा!

मी काही बोलले नाही. तेवढं शहाणपण शिबिरात शिकवलेलं असतं: पहिल्या आठवड्यात फक्त ऐकायचं. मी आठवडा मोजून ऐकलं.

मग लावणी उरकली आणि सोनामावशी लेकीच्या बाळंतपणाला पौडला गेल्या, पंधरा दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी मी शिडी मागितली.

"ताई, नगा," यमुना म्हणाली. "आत्याबाई रागं भरतील."

"मी समजावीन त्यांना. झाडाला माती लागते, पाणी लागतं. शाळेत शिकवतात."

"शाळंत आमच्या पावसाचं शिकिवलंय का?" यमुनाने विचारलं.

काय अचूक प्रश्न होता! पण तो ऐकायला मी जमिनीवर नव्हते. मी शिडीवर होते.

सहाही कोरफडी खाली उतरवल्या. तीन पत्र्याच्या डब्यांत, दोन मडक्यांच्या बुडांत आणि एक जुन्या घमेल्यात, अशा लावल्या. खाचराच्या बांधावरची काळी चिकट माती, तीही ओलीच. एकाही भांड्याला भोक नाही. पडवीच्या कडेला त्यांची ओळ मांडली आणि रोज सकाळी प्रत्येकीला पेलाभर पाणी घालू लागले. पहिले चार दिवस त्यांनी मला फसवलं. सुरकुत्या गेल्या, पानं फुगली, टवटवीत झाली. मी यमुनाला बोलावून दाखवलं. "बघ! माती आणि पाणी!" यमुनाने पाहिलं, आणि मान हलवली की नाही ते अजूनही मला सांगता येत नाही.

त्याच पडवीत रोज तिसऱ्या प्रहरी माझं प्रात्यक्षिक चाले. पावसाची जरा उसंत असली की डोक्यावरची पानांची इरली, घोंगडी बाहेर टेकवून आठ-दहा जण येऊन बसत. बाया, म्हातारे, लहानगी. मी हंड्यातलं उकळून गाळलेलं पाणी प्रत्येकाला पेला भरून देई. "प्या आणि फरक बघा!" लोक पेला घेत, मी पुढच्यासाठी हंड्याकडे वळे, आणि पेले रिकामे परत येत. एकसुद्धा पेला भरलेला परत आला नाही! कोंडिबा आबा तर रोज दोन पेले मागत. शेजारच्या घरातला हा म्हातारा वाडीतला सगळ्यांत वाकडा बोलणारा माणूस, आणि तोच माझा सगळ्यांत मोठा पाठीराखा झाला होता. मी मंडळाला अहवाल धाडला: 'वाडीने उकळलेलं पाणी मनापासून स्वीकारलं आहे.'

दहाव्या दिवशी कोरफडींचा हिरवा रंग फिका पडला. पानं काचेसारखी आरपार दिसू लागली. मग ती खाली लवली. लवलेलं झाड म्हणजे तहानलेलं झाड, असं माझं शिक्षण; म्हणून मी पाणी वाढवलं. कुणाला हसायचं असेल त्याने हसावं, पण तुमच्या घरी हेच चालतं हे लक्षात ठेवून हसावं. कुजणारं झाड आणि सुकणारं झाड दोन्ही मान टाकतात. माना सारख्याच दिसतात. हात लावला तर कळतं: सुकलेलं पान पातळ, चामड्यासारखं, पण घट्ट असतं, कुजलेलं पान मऊ, पाणचट, आणि बुडातून सुटतं. मी हात लावलाच नव्हता. मी नुसती बघत होते आणि ओतत होते. तेराव्या दिवशी हात लावला, तर अख्खं पान लिबलिबीत होऊन हातात आलं. वास सुटला, कुजक्या कांद्यासारखा.

पंधराव्या दिवशी सोनामावशी आल्या. इरलं उतरवायच्या आधी त्यांनी तुळईकडे पाहिलं. मग खाली डब्यांकडे पाहिलं. मी बोलायला सुरुवात केली होती. ते भाषण मी तीन दिवस तयार करत होते. त्यांनी हात वर केला आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण तिथे संपलं.

त्या ओल्या लुगड्यानिशी खाली बसल्या. एकेक कोरफड उपटून बुडाशी बोट घालून पाहिली. पहिली गेली. दुसरी गेली. अशा पाचही गेल्या. घमेल्यातल्या सहावीला त्यांनी जास्त वेळ लावला.

"गाभा हाय," त्या म्हणाल्या. "यमुने, इळा आन. आन् चुलीतली राख."

"मावशी, त्या उलट्या टांगलेल्या होत्या," मी म्हटलं. "मला वाटलं, दृष्टीसाठी."

"दिष्ट बी लागत न्हाई, कूज बी लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "हितल्या पावसात कोरफड भुईत टिकती व्हय? आखाडात काडायची, माती झटकायची, तुळईला टांगायची. दसऱ्याला पुन्ना लावायची. चार महिनं तिला आपल्या अंगातलं पानी पुरतंय. पोटाला घिऊनच जल्मलीया ती."

विळ्याने त्यांनी सडका भाग कापत कापत टाकला. हातभर झाडाचा तळहाताएवढा तुकडा उरला: चार पानं आणि मधला कोंब. कापलेल्या जागेला राख चोळली. मग तो तुकडा तळहातावर ठेवून त्या जे बोलल्या ते मला नीट सांगता आलं पाहिजे.

त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हा धरणाचं पाणी चढत गावात आलं. लोक सामान काढत होते: जाती, मुसळं, दारं, वासे. त्यांच्या आईने परसातली कोरफड उपटून पदरात बांधली. पुढे एक पावसाळा आणि एक हिवाळा त्यांना स्वतःची जागा नव्हती. आज या भावकीच्या पडवीत, उद्या त्या. "कुटं लावनार? भुई कुनाची?" म्हणून ती कोरफड ज्या घरी राहतील त्या घराच्या तुळईला टांगलेली असे. या डोंगरावर घर बांधलं तेव्हा आईने सगळ्यांत आधी ती लावली; तुळईवरच्या सहाही तिच्याच वंशातल्या. जुन्या गावातली जिवंत वस्तू तेवढी एकच. जातंही त्याच गावचं होतं, पण जातं वाढत नाही.

वाडीत कुणी भाजलं, पोर खोकू लागलं, तर माणसं सोनामावशींकडे पानासाठी येत. पावसात बाकी सगळ्यांच्या कोरफडी कुजत, त्यांची राही.

म्हणजे असं: धरणाच्या पाण्यातून वाचलेलं झाड मी पेल्यापेल्याने बुडवलं होतं. त्या दिवशी मला पत्रक सुचलं नाही.

"पण मावशी," मी चाचरत म्हटलं, "मी रोज एकच पेला घालत होते. एका पेल्याने एवढं..."

पडवीत प्रात्यक्षिकासाठी जमलेल्या बाया-पोरांत कोंडिबा आबाही बसले होते. ते खाकरले. मग पुन्हा खाकरले.

"बाई, खरं सांगू का? रागवायचं न्हाई."

"बोला."

"तुमचं ते उकळल्यालं पानी... लई फळक लागतंय, चवच न्हाई. भिजल्यालं धुनं पिळून प्यावं तसं."

"पण तुम्ही तर रोज दोन पेले..."

"तुमी येवढ्या लांबनं आलाय. पोरीवानी हाय तुमी. पेला भरून दिल्याला माघारी कसा द्यायचा? आन् भुईवर सांडावं, तर यमुनीनं सारवलेली वाळंना झालीया. डबं समोरच व्हतं." त्यांनी बाकीच्यांकडे हात केला. "म्या एकटाच न्हाई. समद्यांनी त्येच क्येलंय."

मी बायकांकडे पाहिलं. एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी छपराची कौलं मोजू लागली. एक लहानगी मोठ्याने म्हणाली, "म्या बी वतलं!" आणि तिच्या आईने तिला चिमटा काढला.

दहा माणसं, दहा-बारा पेले, रोज. वर माझा सकाळचा. आणि मंडळाच्या फायलीत माझा अहवाल: 'मनापासून'!

मी भयंकर चिडले. मी म्हणाले की हा विश्वासघात आहे, ही लोकांनी लोकांच्याच आरोग्याशी केलेली थट्टा आहे, आणि आणखी पुष्कळ. सगळे खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात हुं, हुं असा आवाज आला. सोनामावशी हसत होत्या. पाच कोरफडी मेलेल्या, एक मरणाच्या दारात, हातात राख, आणि बाई हसत होती.

"म्हंजी, तू त्यान्ला पाजलंस, त्यांनी हिला पाजलं," त्या म्हणाल्या. "तहान कुनालाच नव्हती!"

मग कोंडिबा आबा हसले, मग यमुना, मग ती कौलं मोजणारी. शेवटी मी. मला हसताना वाडीने प्रथमच पाहिलं असावं, कारण ती चिमटा खाल्लेली पोर जवळ येऊन माझे दात बघू लागली.

त्या दिवसापासून सोनामावशी मला 'बाई' म्हणायच्या थांबल्या. 'पोरी' आणि 'तू' झालं. आणि माझ्या पाण्याचा निकालही त्यांनीच लावला. "फळक लागतंय तर उकळून निवल्यावर या भांड्यातनं त्या भांड्यात चार येळा उंचावरनं वत. मंग मडक्यात ठिव." तसं केलं. कोंडिबा आबांनी पेला तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत, माझ्या डोळ्यांत बघत, घोट घोट करून संपवला. "आता पान्यावानी लागतंय," ते म्हणाले. हे मी पुढच्या पत्रकात घातलं, उद्गारचिन्हाशिवाय.

पण कोरफडीचं काय? तो तुकडा सोनामावशींनी चुलीपासून दोन हातांवर, जिथे ऊब पोचेल पण धग पोचणार नाही, तिथे टांगला. मला हात लावायला बंदी. बघायला परवानगी. आणि मी बघत राहिले, अख्खा श्रावण. बाहेर डोंगरावरून शंभर ठिकाणी पाणी कोसळत होतं, धरण तुडुंब भरलं होतं, भाताच्या खाचरांतून बेडकांचं संमेलन भरलं होतं, आणि त्या सगळ्या पाण्याच्या मधोमध एक हिरवा तुकडा थेंबभर पाण्याशिवाय जगायचा प्रयत्न करत होता. मी सकाळी उठल्यावर आधी वर बघायचे. कापलेली जागा वाळली, खपली धरली. एक पान सुकून कागद झालं. मी घाबरले.

"मावशी, पान गेलं!"

"जाऊ दे. मधल्याला पाजून गेलंय."

आता तीन उरली. मला वाटतं, आयुष्यात वाट बघायला मी तिथे शिकले. आम्ही चळवळीतली माणसं वाट बघत नाही. आम्ही मुदत देतो. झाडाला मुदत देता येत नाही. गणपती आले, गौरी आल्या आणि गेल्या. यमुनाने गौरीच्या दिवशी मला तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसवलं, आणि फुगडी घालताना मी चिखलात अशी आपटले की पाणी उकळण्याच्या मोहिमेपेक्षा ती आपटणी वाडीला जास्त दिवस पुरली. आणि भाद्रपदाच्या शेवटाला, ऊन असं पहिल्यांदाच पडवीत येऊन बसलं त्या सकाळी, खपलीतून मुळाचं एक टोक बाहेर आलेलं दिसलं. पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी "मावशी!" म्हणून अशी हाक मारली की कोंडिबा आबा काठी घेऊन धावत आले; त्यांना वाटलं, साप निघाला.

दसऱ्याला लावणी झाली. भाताची नव्हे, कोरफडीची. मडक्याच्या बुडाला सोनामावशींनी खिळ्याने तीन भोकं पाडली. तळाशी कौलांचे तुकडे, मग ओढ्याची वाळू आणि मुरूम, वर थोडी माती. तुकडा बसवला. मी पाणी आणायला उठले.

"बस खाली. आज न्हाई. जखमंला पानी घालतीस?"

आठ दिवसांनी त्यांनी माझ्या हातात पेला दिला. "घाल." "मधी न्हाई, गाभ्यात पानी ऱ्हातंय, कुजंल. कडंकडंनं. हां. खालनं गळस्तवर घाल. आता इसर."

"कधीपर्यंत?"

"बोट घाल मातीत. दोन पेरं कोरडी लागली तर पान दाब. टनक हाय? मंग अजून न्हाई. जरा मऊ पडलं, सुरकुतलं, मंग घाल, पन पोटभर घाल. रोज चमचा चमचा नगं. पावसाळ्यात कायच नगं."

यापेक्षा जास्त काही कुठल्याही तज्ज्ञाला सांगता येणार नाही. दिवाणखानेवाल्यांनो, हे कापून ठेवा. आणि त्या चिनी मातीच्या भांड्यांना भोकं नसतात, तीही पाडून घ्या.

पुढच्या शिमग्याच्या सुमारास मी वाडीवर गेले, तेव्हा त्या मडक्यात आईच्या बुडाशी तीन पिल्लं फुटलेली होती. सोनामावशींनी एक कोंडिबा आबांना दिलं, एक मला. फडक्यात बांधून, वर गाठ मारून.

"मला?" मी म्हटलं. "मी मारेन ना."

"म्हनूनच. तू आता मारनार न्हाईस." मग धरणाच्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "गाव एका जागी व्हतं, म्हनून एका पान्यात गेलं. हिचं तसं करायचं न्हाई." आणि मी निघताना, बांधावरून मोठ्याने, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं: "सुकली तर सांग, सांगीन काय करायचं ते! कुजली तर तोंड दाखवू नगंस!"

इथवर लिहून झालं होतं. शेवट सुचत नव्हता म्हणून स्टो पेटवत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात सोनामावशी. लेक आता पुण्यातच मंगळवार पेठेत असते, तिच्याकडे आल्या होत्या म्हणे. पाय धुतले. मला काही न विचारता मान वर करून दांडीकडे बघितलं. बोट लांबवून पान दाबलं.

"टनक हाय," त्या म्हणाल्या, आणि मग खाटेच्या कडेला बसल्या. ओला पदर तसाच खांद्यावर.

"काय झालं, मावशी?"

"कौलं उडाली वाऱ्यानं. आमी समदी लावनीत. तुळईवरनं धार लागली ती चार दिस लागली. बगितलं तवा समद्या कोरफडी खाली गळून पडल्याल्या."

"आणि कोंडिबा आबांची?"

"त्यानं हौसंनं अंगनात लावली व्हती. या पावसात! म्हातारा झालाय पन अक्कल काय..." त्या हसल्या, पण अर्धंच. "आता नुसती तुज्याकडं हाय."

मी स्टूल घेतलं, सुतळी सोडली आणि मोठी कोरफड खाली काढली. सव्वातीन वर्षांत ती दीड हाताची झाली आहे. बुडाशी दोन पिल्लं. पिल्लू काढून देण्यासाठी मी सुरी शोधू लागले तर त्या म्हणाल्या, "घाई करू नगं." मग मीच सुरी ठेवून दिली आणि अख्खी आई पिल्लांसकट त्यांच्या ओटीत घातली. माझ्याकडे खिडकीतली कुंडी होती, तिचंच आधीचं एक पिल्लू लावलेली. तिच्याचकडे त्यांचा हात गेला. बोट मातीत घातलं. बोट ओलं निघालं.

"आखाडात हिला पानी कुनी घातलं?"

"आमचे एक कार्यकर्ते. काल. मी ओरडले त्यांच्यावर."

सोनामावशींनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"उकळल्यालं व्हतं का?"

आणि मग आम्ही दोघी जे हसलो, ते ऐकून शेजारच्या काकू पुन्हा लाटणं घेऊन दारात आल्या. कुंडी तिथल्या तिथे पालथी घातली. मावशींनी माती झटकली, बूड पाहिलं, "वाचली" म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने सुतळी बांधून रिकाम्या दांडीला टांगली. आई मुळशीला, ही माझ्याकडे.

पदरात कोरफड बांधून त्या उठल्या. "सुकली तर..." मी सुरुवात केली.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "कुजली तर तोंड दाखवनार न्हाई. पानी दे, जाते."

मी मडक्यातलं पेलाभर पाणी दिलं. उकळलेलं, चार वेळा उंचावरून ओतलेलं. त्यांनी उभ्याने प्यायलं. थांबल्या. पेल्यात घोटभर उरलं होतं. त्यांनी त्या घोटाकडे पाहिलं, वर टांगलेल्या कोरफडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तो शेवटचा घोटही पिऊन टाकला, आणि पेला खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला. खाली थेंबसुद्धा पडला नाही.